नाकाजवळची ती छोटी पाती

नागपूरच्या मिहानमधील हँगरमध्ये आता कामाला लागणार आहात, तर विमानाच्या नाकाच्या बाजूला दिसणारी ती छोटी पाती, म्हणजे अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) मोजणारी व्हेन, आधी नीट समजून घ्या. वाहती हवा जिकडे वळवेल तिकडे ही पाती वळते आणि तिच्या आसाला जोडलेला रिझॉल्व्हर त्या वळणाचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. मात्र नाकाच्या गोलाईमुळे तेथील हवा मुळातच वळलेली असते, त्यामुळे पातीचा कोन हा पंखाचा खरा कोन नव्हे. ती दुरुस्ती संगणक करतो.

पाती बर्फाने अडकू नये म्हणून तिला हीटर असतो. तो बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नका. नागपूरच्या मे महिन्यातले ऊन तसेही पत्रा तापवतेच.

विमान धुताना तर विशेष जपा. 2008 मध्ये फ्रान्समधील पेर्पिन्यांजवळ कोसळलेले एअरबस ए320 विमान काही दिवस आधी हे पातीचे सेन्सर न झाकता पाण्याने धुतले गेले होते. आत शिरलेले पाणी उंचावर गोठले, तीनपैकी दोन सेन्सर जवळजवळ एकाच कोनावर अडकले आणि त्या दोघांचे जुळते म्हणून संगणकाने योग्य असलेल्या तिसऱ्यालाच चुकीचे ठरवले. सात जण गेले. माझ्या मते बहुमताच्या तर्काचा याहून कठोर धडा नाही. म्हणून आवरण लावल्याची आणि काढल्याची, दोन्ही नोंदी स्वतः पाहूनच सही करा.