पावसाळ्यात बेल सायफन लागेनासा झाला, तर मोठा पंप घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : धायरीत गच्चीवर ३ फूट बाय २ फुटांचा खडीचा वाफा, शेजारी खालच्या पातळीवर माशांची उघडी टाकी, वाफ्यात १ इंची उभा पाइप आणि त्यावर बेल, म्हणजे वरून टोपीने बंद आणि खाली खाचा असलेली जाड नळी. पंप माशांच्या टाकीतलं पाणी झाडांच्या वाफ्यात चढवतो; वाफा भरला, की सायफन लागतो, म्हणजे सगळं पाणी उभ्या पाइपातून एकदम टाकीत उतरतं. मे महिन्यात सायफन छान चालायचा. पाऊस सुरू झाल्यापासून वाफा भरतो, पाइपातून बारीक धार पडत राहते, पण सायफन लागत नाही. मोठा पंप घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. याच पंपावर, याच पाइपावर मे महिन्यात सायफन लागत होता, म्हणजे मापं बरोबर आहेत. मधल्या काळात काय बदललं ते शोधायचं.

माझा पहिला संशय वाफ्यातून बाहेर पडून टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडावर आहे. उन्हाळ्यात पुण्याच्या उन्हात टाकीचं पाणी उडतं, आपण वरून भर घालत राहतो आणि पातळी खालीच असते. पावसाळ्यात उडणं थांबतं, शिवाय टाकीत आणि वाफ्यात दोन्हीकडे पाऊस पडतो. टाकी पाच-सहा इंच सहज चढते आणि पाइपचं तोंड पाण्याखाली जातं. मग उभ्या पाइपातली हवा अडकते. सायफन लागायचा तर धारेबरोबर ती हवा खालून बाहेर पडायला हवी. पण तोंडावर पाच इंच पाणी उभं असेल, तर बारीक धारेला ती हवा ढकलता येत नाही. पाणी पाइपच्या कडेकडेने ओघळत राहतं, पाइप कधी पूर्ण भरत नाही.

वारज्यात माझ्या गच्चीवर पहिल्याच पावसाळ्यात हेच झालं होतं. दोन रविवार मी बेल काढत, घासत, पुन्हा बसवत होतो आणि दोष टाकीत होता. आज एवढंच करा : टाकीतून बादल्या भरून पाणी काढा, पाइपचं तोंड पाण्याच्या दोन-तीन इंच वर येऊ द्या आणि वाफा भरण्या-उतरण्याची एक फेरी बघा. सायफन लागला, तर पाइप तेवढा कापून टाका आणि टाकीला त्या पातळीच्या खाली ओव्हरफ्लोचं भोक पाडून जाळी लावा, म्हणजे पुढच्या पावसात मासे वाहून जाणार नाहीत. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांसाठी ते उत्तम असतं.

याने फरक पडला नाही, तर पंपाची धार मोजा. वाफ्यात पडणारी नळी ५ लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. मिनिटात बादली भरली, तर ताशी ३०० लिटर. १ इंची पाइपाला ताशी २०० ते ५०० लिटर धार चालते. दीड मिनिटाहून जास्त वेळ लागत असेल, तर धार कमी पडते आहे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा इथे कामाचा नाही; तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. धार कमी असेल, तर आधी पंपाचा स्पंज काढून धुवा, बहुतेक वेळा तोच माशांच्या विष्ठेने बुजलेला असतो. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा; ओल्या गच्चीवर ही सवय कधीही मोडू नका. पंपाच्या लाइनला आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल, तर आधी तो बसवून घ्या.

तिसरी जागा बेलची टोपी. उन्हात पीव्हीसी तापून सांध्याला बारीक फट पडते आणि तिथून हवा आत शिरते. बेल उलटी धरून पाणी भरा, दहा मिनिटं ठेवा. टोपीतून थेंब गळला, तर सोल्युशन लावून सांधा पुन्हा बसवा. पुदिना लावला असेल तर बेलभोवतीचा, खडी अडवणारा जाळीचा पाइपही उघडून बघा. त्याची मुळं जाळीतून आत शिरून बेलच्या खालच्या खाचा बंद करतात. मी पुदिना आता वेगळ्या कुंडीतच ठेवतो.

हे सगळं ठीक असूनही सायफन अडखळत लागत असेल, तर उभ्या पाइपच्या वरच्या तोंडाला दीड इंच ते १ इंचाचा रिड्यूसर लावा. नरसाळ्यासारखं तोंड झालं, की पाणी एकदम आत पडतं आणि हवा सोबत ओढतं. बाहेरच्या पाइपाला शेवटी दोन एल्बो दिले, तरी तिथे पाणी साठून पाइप लवकर भरतो.

उलटा दोषही असतो, तुम्हाला पुढे कधी येईल म्हणून सांगतो : सायफन लागतो, पण तुटत नाही. पाणी तळाशीच राहतं, जेवढं येतं तेवढं निघून जातं. तेव्हा धार जास्त असते किंवा खाचा लहान असतात. पंपाच्या नळीला टी आणि कॉक लावून थोडं पाणी परत टाकीत सोडा, आणि कॉक हळूहळू उघडत जा. शेवटी गुडगुड आवाज येऊन सायफन तुटला, की तिथेच कॉक सोडून द्या.

दुरुस्तीच्या काळात माशांची काळजी करू नका. बेल काढून ठेवली, तरी पाणी उभ्या पाइपातून फिरत राहतं. काही दिवस तसं चालतं. फक्त वाफा महिनोन्‌महिने भरलेला ठेवू नका, कारण पाणी उतरताना खडीत हवा जाते आणि मुळांना व अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तीच लागते. तुमच्या वाफ्यात खडीच्या फटींमध्ये साधारण ५०-५५ लिटर पाणी मावत असेल. ताशी ३०० लिटरच्या धारेला दहा-अकरा मिनिटांत तो भरला पाहिजे.

टाकीची पातळी उतरवून एक फेरी झाली, की बादलीचा आकडा आणि बेलच्या खाचांची उंची इथेच लिहा. त्यावरून पुढचं बघू.