परदेशी परिषदेचं फळ अंदाजपत्रकात शोधा

प्रश्न : महापौर आणि आयुक्त ‘शाश्वत शहरां’च्या आंतरराष्ट्रीय परिषदांना जातात, करारांवर सह्या होतात, फोटो छापून येतात. शहरांच्या या जागतिक संघटनांचा एखाद्या शहराच्या कारभाराला खरोखर उपयोग झाला आहे का? आणि त्यांची वर्गणी कोण भरतं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा राग मला समजतो. माझी नोकरी एका महापालिकेच्या लेखा विभागात झाली. दौऱ्यांची बिलं माझ्या टेबलावरून जायची. विमानाचं तिकीट जोडलेलं असायचं, हॉटेलची पावती असायची; तिथून काय शिकून आलो याचं टिपण मात्र कोणी मागत नसे. ते मागायलाच हवं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

पण उपयोग झाल्याचं उदाहरण आहे, आणि ते माझ्याच खात्यातलं म्हणून मला फार जवळचं वाटतं. नॉर्वेची राजधानी ऑस्लो, वस्ती साधारण सात लाखांची. २०१६ साली तिथल्या पालिकेने २०१७ च्या अंदाजपत्रकात हवामान अंदाजपत्रकाचं नवं प्रकरण घातलं. पैशांच्या तक्त्यांच्या जोडीला कार्बनचा तक्ता. त्यातली एक ओळ कशी असते पाहा. आधी काम लिहायचं, समजा बसगाड्या विजेवर आणणे. पुढे त्याने कोणत्या वर्षी किती टन उत्सर्जन (हवेत सोडला जाणारा कार्बन वायू) घटेल ते, आणि शेवटी जबाबदार खातं. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या नावापुढे ओळ लागली, त्याला वर्षभर तिचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय हे सगळं वित्त खात्याच्या हाती दिलं. पर्यावरणाच्या बैठकीला खातेप्रमुख कनिष्ठाला पाठवतात, अंदाजपत्रकाच्या बैठकीला स्वतः येतात, हे पालिकेत काम केलेल्या कोणालाही विचारा.

हा विचार तिथे निविदांपर्यंत झिरपला. २०१९ मध्ये ऑस्लोच्या मध्यवस्तीत ओलाव्ह पाचव्या राजाच्या नावाच्या रस्त्याचं काम निघालं, तेव्हा खोदकामाची यंत्रं डिझेलऐवजी विजेवर चालवली गेली. काम देणारी पालिका, म्हणून अट घालणारीही पालिका. आपल्याकडेही रस्त्याची कामं पालिकाच काढते.

आता हे मुंबईला कसं पोचलं ते सांगते. ‘सी-४०’ ही मोठ्या शहरांची संघटना. २००५ साली लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी १८ शहरांना एकत्र बोलावलं, तिथून ती सुरू झाली. मुंबई तिच्यात डिसेंबर २०२० मध्ये आली. ऑस्लोची पद्धत आणखी डझनभर शहरांत रुजवण्याचा प्रयोग या संघटनेने हाती घेतला; त्यात लंडन, न्यूयॉर्क होतं, तशी मुंबईही होती. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला : २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के कमी आणि २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं हवेत सोडलं तेवढंच शोषून घेतलेलं. मग जून २०२४ मध्ये महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. २०२४-२५ चा भांडवली खर्च (रस्ते, नाले, पंप अशा टिकाऊ कामांवरचा) सुमारे ३१,७७४ कोटी, त्यातले सुमारे १०,२२४ कोटी, म्हणजे ३२ टक्के, हवामानाशी निगडित कामांचे. सर्वांत मोठा वाटा पूर आणि पाण्याच्या कामांचा.

ऑस्लोचा तक्ता इथे जसाच्या तसा उतरवून चालणार नव्हता. मुंबईचं बहुतांश उत्सर्जन विजेपोटी, आणि ती वीज मुख्यतः कोळशाची. ती औष्णिक केंद्रं महापालिकेच्या ताब्यात नाहीत. उलट जुलैत पाणी तुंबलं की पंप पालिकेनेच चालवायचे. म्हणून मुंबईने टनांच्या हिशेबाबरोबर पूर, उष्णता, झाडं, कचरा हेही धरलं. ही समज मला आवडली.

दोन गोष्टी मात्र खटकतात. हे १०,२२४ कोटी नव्याने उभे केलेले नाहीत. अंदाजपत्रकात असलेल्या तरतुदी चाळून कोणत्या हवामानाच्या कामी येतात, याची खूण केली आहे. खूण करणंही गरजेचं, कारण त्याशिवाय पुढच्या वर्षी वाढ झाली की घट हे कळणार नाही. पण त्याला नवा पैसा समजू नका. दुसरं, ऑस्लोत हे प्रकरण निवडून आलेल्या सभागृहात मंजूर होतं. मुंबईत त्या वेळी, मार्च २०२२ पासून, प्रशासक होते. नगरसेवकच नव्हते; तर ‘माझ्या प्रभागाच्या नाल्यासाठी यात काय आहे?’ हे सभागृहात विचारायचं कोणी? मला ही उणीव फार मोठी वाटते.

वर्गणीचं विचाराल तर ‘सी-४०’ शुल्क घेत नाही. ठरलेली कामं केली तरच सदस्यत्व टिकतं. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातल्या सभेतून स्थापन झालेल्या ‘इक्ली’ या शहरांच्या दुसऱ्या जागतिक संघटनेत लहान शहरांनाही जागा आहे, तिथे लोकसंख्या आणि देशाची ऐपत पाहून शुल्क ठरतं. ही रक्कम अंदाजपत्रकात असते आणि ती विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : आमचं शहर अशा कुठल्याही बड्या संघटनेत नाही. आम्ही नागरिकांनी काय मागावं?
— एक वाचक, मिरज (वरील पत्रातूनच)

उत्तर : तक्ता मागा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, परदेशी जावंही लागत नाही. आपल्या महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. अंदाजपत्रक येतं फेब्रुवारीच्या सुमारास. दोन्ही पुस्तकं एकाच इमारतीत तयार होतात, पण एकात लिहिलेलं दुसऱ्यात सापडत नाही. तुमच्या शहराच्या अहवालातली एक शिफारस निवडा. एकच. नदीत थेट जाणारं सांडपाणी घ्या, किंवा कचरा डेपोवर पेटणारा कचरा. मग लेखी विचारा : यासाठी कोणतं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), गेल्या वर्षी तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, जबाबदार अधिकाऱ्याचं पद कोणतं. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही मागा. तरतूद फुगवलेली असते, खरी गोष्ट खर्चाच्या रकान्यात कळते.

पत्र दिवाळीनंतर लगेच द्या, कारण खात्यांच्या मागण्या तेव्हाच गोळा व्हायला लागतात आणि जानेवारीत आकडे पक्के झाले की कोणी हात लावत नाही. एक प्रत पर्यावरण विभागाला, दुसरी मुख्य लेखा अधिकाऱ्यांना. दोन्हींवर आवक क्रमांक टाकून घ्या.