विहिरीतला सदरा आणि युरियाची गोणी

प्रश्न : मी तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील. श्रावणात केळीच्या मळ्यातल्या विहिरीतून मोटार वर ओढताना दोराला अडकून एक सुती सदरा निघाला. बाहीवर तांबूस डाग होते. ठाण्यात फोन केला. पोलीस यायला दोन तास लागले, तोवर मी तो ओला सदरा युरियाच्या रिकाम्या गोणीत घालून तोंड बांधून ठेवला. शुक्रवारी मुद्देमाल ठाण्यात गेला आणि नाशिकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे निघायला सोमवार उजाडला. गावात जो तो म्हणतो, ‘पाणीमा गयं, आते काय सापडी?’ ताई, पाण्यानं सगळं धुऊन जातं का? की माझंच काही चुकलं?

उत्तर : पाटील, गावाला सांगा, एवढ्यात हात धुऊन बसू नका. माझं माहेर अमळनेरचं, नोकरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, सहायक रासायनिक विश्लेषक म्हणून. विहिरीतले, नाल्यातले, धुण्यातून आलेले कपडे मी पुष्कळ उलगडले आहेत.

रक्तातला डीएनए पांढऱ्या पेशींत असतो, लाल पेशींत केंद्रकच नसतं. साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात आणि डीएनए बाहेर पडतो. वाहत्या तापीत तो लवकर निघून गेला असता. विहिरीचं पाणी थांबलेलं, थोडं गारही. त्यात सदरा सुती. तुम्ही कापूस पिकवणारी माणसं, सूत पाणी कसं पितं हे मी काय सांगू? रक्त वाळण्याआधी धाग्याच्या पिळात मुरतं. म्हणून आम्ही दिसणाऱ्या डागावर थांबत नसू. कॉलरची दुमड, बाहीची शिवण, काजाची कड, जिथे कापड दुहेरी तिथूनच तुकडा कापायचा. विळा धुतलेला आला तर पात्यापेक्षा मुठीच्या खोबणीत आधी पाहायचं. वीर्याचे डाग तर याहून चिवट. शुक्राणूत डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की सुती कपडा धुतल्यावरही तो मिळालेला आहे. नुसत्या हाताच्या स्पर्शानं लागलेल्या पेशी मात्र पाण्यात फारशा तग धरत नाहीत.

आता तुमची गोणी. राग मानू नका, पण विहिरीपेक्षा मला तिचीच धास्ती वाटते. ओलं कापड, बंद तोंड आणि आपल्याकडची ऊब मिळाली की जिवाणूंना मेजवानी. त्यांचे विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनएच्या लांब साखळीचे तुकडे करतात. एका ठाण्याचं असंच प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं पार्सल मी फोडलं होतं. वासानं शेजारच्या टेबलावरचे उठून गेले, सदऱ्यावर हिरवी बुरशी. लांब तुकडे एकही मिळाले नाहीत, आखूड होते त्यांवर अर्धवट प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखायचा डीएनएचा नकाशा, निघालं. तुमच्या दोन तासांनी फारसं बिघडलं नसेल. शुक्रवार ते सोमवार ती गोणी कुणी उघडली का, ते विचारा.

सदरा पिळायचा नाही, उन्हातही घालायचा नाही, कारण ऊनही डीएनए तोडतं. सावलीत, वाऱ्यावर, खाली स्वच्छ कागद अंथरून पसरायचा. पूर्ण वाळल्यावर कागदी पिशवीत, एका पिशवीत एकच वस्तू. हे काम पोलिसांचं. तुम्ही फक्त राखण करायची आणि फोनवरच सांगायचं, ‘साहेब, माल ओला आहे.’

तो तांबूस डाग रक्ताचाच, हेही धरून चालू नका. केळीचा चीक वाळून कसा दिसतो ते तुमच्या प्रत्येक सदऱ्यावर आहे. रक्ताच्या प्राथमिक चाचणीला वनस्पतींतली काही विकरंही चकवतात, म्हणून पुढची पक्की चाचणी लागते.

विहिरीतला गाळ हीसुद्धा कटकट. मातीतलं ह्यूमिक आम्ल डीएनएसोबत चिकटून येतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं काम, अडवतं. पीसीआरमध्ये एका तुकड्याच्या दर फेरीला दुप्पट प्रती होतात, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. ते आम्ल राहिलं तर पहिलीच फेरी अडते. काढलेला डीएनए नीट शुद्ध करून, कधी पातळ करून, पुन्हा चालवावा लागतो.

सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला की एक ओळ नीट वाचा. ‘प्रोफाइल मिळालं नाही’ आणि ‘जुळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत डीएनए पुरेसा उरला नव्हता एवढंच. त्यावरून कुणी सुटत नाही आणि अडकतही नाही. गावात दोन्हींचा अर्थ एकच लावतात, कधीकधी वकीलही.

आणखी एक. सदरा तुम्ही आणि तुमच्या गड्यानं उघड्या हातांनी धरला असणार. ज्यानं गोणी रिकामी केली त्याचेही हात तिला लागलेत. ही तिन्ही नावं तपास करणाऱ्या साहेबांना आजच सांगून ठेवा. नमुना द्यायला बोलावलं तर घाबरू नका, गालाच्या आतून कापूस फिरवतात, मिनिटभराचं काम. तुमचा डीएनए ओळखून बाजूला काढला की मग उरलेला कुणाचा, ते शोधता येतं.