मायामीला येतोयस, तर शेजाऱ्यांची गोष्ट आधी ऐक

प्रिय अद्वैत,

तुझी मेल दोनदा वाचली. कंपनी ऑगस्टमध्ये तुला पुण्याहून मायामीच्या ऑफिसात पाठवतेय, आणि तू तीन गोष्टी विचारल्यास. घर कुठं बघू? स्पॅनिश येत नाही, तर अडेल का? तिसरी जरा चिडूनच: क्यूबातून आलेल्याला एका वर्षात ग्रीन कार्ड आणि आपले इंजिनिअर पंधरा-पंधरा वर्षं रांगेत, हा कुठला न्याय, मावशी? पहिल्या दोन प्रश्नांना फार वेळ लागणार नाही. तिसऱ्याला लागेल, आणि ते सगळं तू इथे उतरण्याआधी ऐकावंस असं मला मनापासून वाटतं.

तुझं ऑफिस ब्रिकेलला आहे, तर मेट्रोरेलच्या मार्गावर, डेडलँडच्या आसपास घर बघ. बाकी मायामीत गाडीवाचून पान हलत नाही आणि गाडीचा विमा महाग पडतो. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तू ऐन हंगामात येतोयस. १९९२च्या अँड्र्यू वादळात होमस्टेडची धूळधाण झाली, त्यानंतर इथले बांधकामाचे नियम कडक झाले. शक्यतो त्यानंतरची इमारत घे. खिडक्यांना वादळाच्या काचा किंवा शटर आहेत का आणि तो भाग पुराच्या क्षेत्रात येतो का, हे सही करण्याआधी विचार.

स्पॅनिशवाचून ऑफिसात अडणार नाही. पण प्लंबर, दवाखान्यातली नर्स, इमारतीचा चौकीदार, वरच्या मजल्यावरची आजी, यांच्याशी दोन वाक्यं बोलता आली तर शहर तुला आत घेईल. शेजारच्या हायलीआ गावात तर इंग्रजीचीच गरज पडत नाही. एक शब्द आजच शिकून ठेव: कोलादा. छोट्या पेल्यात कडक गोड कॉफी येते आणि सोबत अंगठ्याएवढे चार-पाच प्लास्टिकचे पेले. ती एकट्याने प्यायची नसते, वाटायची असते. ऑफिसात कुणी तो पेला पुढे केला तर नको म्हणू नकोस.

आता तुझा तिसरा प्रश्न. तू ऐकलंस ते खरं आहे, पण अर्धं. १९६६चा एक कायदा आहे. अमेरिकेत रीतसर तपासणी होऊन आत घेतलेला किंवा पॅरोल (म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरता प्रवेश) मिळालेला क्यूबन माणूस किमान एक वर्ष राहिला की त्याला ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. आपली रांग लांबते ती नोकरीच्या ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून. क्यूबन माणसाचं कार्ड त्या कोट्यातून जातच नाही. त्याच्यामुळे तुझा नंबर एका दिवसानेही मागे सरकत नाही. तेव्हा राग धरायचाच असेल तर त्या मर्यादेवर धर, शेजाऱ्यावर नको.

आणि त्या शेजाऱ्याला हे दार कशाच्या बदल्यात मिळालं, तेही बघ. माझ्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहतात, आता सत्तरीच्या पुढे. १९६१मध्ये, दहा वर्षांच्या असताना, त्या हवानाहून एकट्या आल्या. क्रांतीतून सत्तेवर आलेलं फिदेल कास्त्रोचं सरकार मुलं आईबापांच्या हातून काढून घेणार, अशी धास्ती तेव्हा पसरली होती. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांहून जास्त मुलांना आईबापांनी एकटं विमानात बसवलं. कॅथलिक चर्चने इथे त्यांची सोय लावली. त्या मोहिमेला पेद्रो पान म्हणतात. हवानाच्या विमानतळावर निघणाऱ्यांसाठी काचेची खोली होती, तिला लोक ‘ला पेसेरा’ म्हणत, म्हणजे माशांचं काचपात्र. आत मुलगी, बाहेर आई, मध्ये काच. बाई सांगतात, आई काहीतरी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. थोड्याच दिवसांत भेटू असं दोन्हीकडे वाटत होतं. पण १९६२च्या ऑक्टोबरात क्यूबातल्या सोविएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोविएत युनियन युद्धाच्या तोंडाशी आले आणि विमानंच थांबली. आई भेटली १९६६मध्ये. तोवर मुलगी पंधरा वर्षांची झाली होती.

की वेस्टहून क्यूबा नव्वद मैल, म्हणजे साधारण १४५ किलोमीटर. मायामीहून हवानाला विमान तासाभरात पोहोचतं. एवढ्याशा अंतरासाठी पाच वर्षं! मी अंबरनाथला वाढले, उल्हासनगरच्या कॅम्पात माझ्या सिंधी मैत्रिणीची आजी राहायची. तिच्या तोंडून सिंधमधल्या सक्करचं, फाळणीत सुटलेलं घर ऐकलं होतं, म्हणून मला ही बाई लवकर समजली असावी.

इथे माणसाला कोणत्या साली आलात हे कळलं की पुढचं बरंच कळतं. साठच्या दशकात आलेले स्वतःला स्थलांतरित म्हणवत नाहीत. ते ‘एक्सिलिओ’ म्हणतात, म्हणजे हद्दपारी. माझ्या घरचे नळ दुरुस्त करणारे गृहस्थ १९८०चे, मारिएल बंदरातून आलेले. एप्रिल ते ऑक्टोबर सव्वा लाख माणसं होड्यांतून आली. निघताना क्यूबाचं सरकार त्यांना गाळ म्हणायचं, शेजारीपाजारी दारावर अंडी फेकायचे. कास्त्रोने त्यात तुरुंगातली काही माणसं घुसवली होती, म्हणून इथे उतरल्यावर सगळ्यांवरच शिक्का बसला, आपल्याच लोकांकडूनसुद्धा. ते गृहस्थ अजून ‘मारिएलितो’ हा शब्द स्वतः उच्चारत नाहीत.

क्यूबाला पोसणारं सोविएत युनियन कोसळलं आणि क्यूबात खायचे वांधे झाले. १९९४मध्ये लोक ट्रकच्या ट्यूबा आणि फळ्या बांधून समुद्रात उतरले. तीस हजारांवर माणसं अमेरिकेने पाण्यातून उचलून क्यूबातल्याच आपल्या ग्वांतानामोच्या लष्करी तळावर नेली. १९९५पासून नियम ठरला: समुद्रात सापडलास तर परत, जमिनीला पाय लागला तर राहा. ओला पाय, कोरडा पाय. किनारा डोळ्यांसमोर असताना पकडलेली माणसंही परत गेली आहेत. ओबामांनी जाता जाता, १२ जानेवारी २०१७ला, तो नियम काढून टाकला.

आणि आता सगळ्यांत नवे. तुझ्या वयाचे, तुझ्यासारखेच शिकलेले. नोव्हेंबर २०२१मध्ये निकाराग्वाने क्यूबन लोकांना व्हिसा माफ केला. लोकांनी घर, फ्रीज, मोटरसायकल विकून मानाग्वाचं तिकीट काढलं आणि तिथून मेक्सिकोमार्गे वर आले. २०२२च्या आर्थिक वर्षात दक्षिण सरहद्दीवर दोन लाखांवर क्यूबन नोंदले गेले, मारिएलपेक्षाही जास्त. आमच्या गल्लीत किराणा पोहोचवणारा मुलगा त्यातलाच, शिक्षणाने दंतवैद्य. सरहद्दीवर त्याच्या बायकोला पॅरोलचा कागद मिळाला आणि त्याला आय-२२०ए नावाचा, नुसता हमीवर सोडल्याचा. दोघं एकाच दिवशी, एकाच रांगेत. बायकोचं ग्रीन कार्ड झालं. त्याचा कागद पॅरोल धरता येत नाही, असा निर्णय इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २०२३मध्ये दिला आणि तो लटकला. परत पाठवणारी विमानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली होती. बायडेनच्या काळात जानेवारी २०२३पासून प्रायोजक दाखवून, दोन वर्षांच्या पॅरोलवर, एक लाखाहून जास्त क्यूबन रीतसर विमानाने आले. २०२५मध्ये ट्रम्प सरकारने तो पॅरोलच रद्द केला. एका वर्षात ग्रीन कार्ड, हे या मुलाला सांगून बघ. इमिग्रेशनच्या तारखेच्या आदल्या रात्री तो झोपत नाही.

दोन सरकारांचं भांडण इतकी वर्षं घरात शिरलं की माणसं त्यावर बोलताना फार हळवी असतात. हे मी अनुभवाने शिकले. पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेले असताना मी आपुलकीने सांगितलं, की आमच्याकडे कास्त्रोला मान आहे, १९८३मध्ये दिल्लीच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत त्याने इंदिरा गांधींना सगळ्यांसमोर मिठी मारली होती. टेबलावर कुणी काही बोललं नाही. नंतर कळलं, यजमानांचे वडील क्यूबात राजकीय कैदी म्हणून अकरा वर्षं तुरुंगात होते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्या म्हातारबाबांनी माझ्यासाठी कॉफी केली. तेव्हा एक विनंती: कास्त्रोचा साथीदार चे गव्हेरा याच्या चित्राचा टी-शर्ट तुझ्याकडे असेल तर पुण्यातच ठेव. आपल्याला तो बंडखोरीचं चित्र वाटतो. इथे कित्येकांना तो हवानाच्या ला काबान्या किल्ल्यातल्या जल्लादासारखा दिसतो, कारण १९५९मध्ये तिथल्या गोळ्या घालण्याच्या शिक्षा त्याच्या हाताखाली झाल्या.

पण सगळे क्यूबन एकाच मताचे, असंही धरू नकोस. १९६२पासूनचे व्यापारनिर्बंध अजून कडक करा, असं म्हणणारं घर आणि दर महिन्याला हवानाच्या विमानात औषधं, दुधाची पावडर, चार्जेबल पंखे भरून बॅगा पाठवणारं घर, हे अनेकदा एकच असतं. माझ्या शेजारीण बाई मत निर्बंधांच्या बाजूने देतात आणि मावसभावाच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः पॅक करतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. सरकारवर राग आहे आणि भाऊ तर भाऊच आहे.

एक कायद्याची बाब, नीट लक्षात ठेव. शनिवार-रविवार हवाना बघून येऊ, असा बेत करू नकोस. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला, पासपोर्ट भारतीय असला तरी, हे निर्बंध लागू होतात. बारा ठरावीक कारणांसाठी जाता येतं, नुसतं पर्यटन त्यात बसत नाही. जायचंच झालं तर आधी कंपनीच्या वकिलाला विचार आणि सगळे कागद सांभाळून ठेव.

भाड्याच्या करारावर सही करण्याआधी पत्ता मला पाठव, मी जाऊन बघून येईन. आणि ८ सप्टेंबर मोकळा ठेव. त्या दिवशी समुद्राकाठच्या देवळात कारिदादच्या माऊलीचा, म्हणजे क्यूबन लोकांच्या मेरीमातेचा, उत्सव असतो. मूर्ती १९६१मध्ये क्यूबातून गुपचूप इथे आणलेली आहे. शेजारीण बाईंनी तुलाही बोलावलंय. पिवळी फुलं आणायला सांगितलीयेत, ती मी घेईन.

तुझी,
मावशी