सत्तेकडे आपण कोणासाठी मागतो?

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. मंडळीतले दोन वडीलजन, दोघेही प्रार्थनेत झिजलेले. एक म्हणतात, ख्रिस्ती माणसानं राजकारणापासून चार हात लांब राहावं. दुसरे म्हणतात, अमुक पक्षाला मत दिलं नाही तर तो विश्वासाशी द्रोह. आणि तुझा प्रश्न, मग खरी ख्रिस्ती भूमिका कोणती?

आधी एवढं ऐक, की या मतभेदामुळे तुझा विश्वास डळमळायचं कारण नाही. पुनरुत्थानावर एकमत असलेली माणसं शासनाच्या प्रश्नावर शतकानुशतकं वेगवेगळ्या बाजूंना उभी राहिली आहेत, आणि त्याचं मूळ शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायात सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद होते. शमुवेल संदेष्टा लोकांना बजावतो की राजा तुमची मुलं नेईल, शेतं घेईल, उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेईल. 72वं स्तोत्र मात्र राजासाठीच प्रार्थना करतं, की त्यानं गरिबांचा न्याय करावा आणि जुलूम करणाऱ्याला चिरडावं. यातलं एकच वचन धरून बसलं तर उत्तर झटकन मिळतं. तसं उत्तर मी तुला देणार नाही.

तुझे पहिले वडीलजन ज्या वाटेनं चालतात ती वाट भित्र्यांची नाही, हे लक्षात ठेव. 1527 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम इथं जमलेल्या ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी, ठरवलं की तलवार देवानं नेमलेली असली तरी ती ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची आहे, म्हणून शिष्यानं ती हाती घेऊ नये, न्यायाधीशाचं आसनही स्वीकारू नये. त्यांचा पुढारी मायकेल झॅटलर याला त्याच वर्षी हाल करून ठार मारण्यात आलं. या लोकांनी सत्तेकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे माझी मान झुकते. पण शेजाऱ्याला कोणी मारहाण करत असेल तेव्हा त्याला वाचवणारा शिपाई हवा की नको, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मला कधी पुरेसं वाटलं नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं तिथं वेगळी वाट काढली. 1523 मध्ये त्यानं लिहिलं की देव दोन प्रकारे राज्य करतो, सुवार्तेनं अंतःकरणावर आणि कायद्यानं बाहेरच्या वागण्यावर. आत्म्यावर हुकूम चालवायचा अधिकार राजाला नाही. विचार भक्कम आहे, पण पुढे अनेकांनी त्याचा उपयोग गप्प बसायला केला. हॉलंडमध्ये अब्राहम कायपर हा पाळक म्हणाला की कुटुंब, शाळा, मंडळी, उद्योग यांना आपापला अधिकार थेट देवाकडून आहे, सरकारनं ते गिळू नयेत. तो 1901 ते 1905 पंतप्रधानही होता. 1931 मध्ये पोप अकरावे पायस यांनी जवळपास जाणारी गोष्ट कॅथलिक भाषेत मांडली: जे काम लहान संस्था करू शकते, ते मोठ्या संस्थेनं हिसकावू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पेन उचललं ती सांगतो. मिलानचा बिशप अंब्रोज. 390 मध्ये सम्राट थिओडोशियसच्या हुकमावरून थेस्सलनीकात कत्तल झाली. अंब्रोजनं सम्राटाला कळवलं, तू पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्यासमोर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटानं लोकांसमक्ष प्रायश्चित्त घेतलं. ही गोष्ट उपदेशांत पुष्कळदा ऐकायला मिळते, आणि ती ऐकण्यासारखीच आहे. पण 388 मधली गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. फरात नदीकाठच्या कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावानं यहूद्यांचं सभास्थान जाळलं. तिथल्या बिशपनं ते स्वखर्चानं बांधून द्यावं, असा सम्राटाचा न्याय्य हुकूम होता. अंब्रोजनं सम्राटावर दडपण आणून तो मागे घ्यायला लावला.

माणूस तोच, धैर्यही तेच. एकदा ते मेलेल्यांसाठी वापरलं गेलं, एकदा आपल्या लोकांना शिक्षेतून सोडवण्यासाठी. म्हणून मंडळी सत्तेशी बोलते का, एवढं विचारून भागत नाही. ती कोणासाठी बोलते, हे विचारायला लाग.

1612 मध्ये इंग्लंडचा थॉमस हेल्विस हा बॅप्टिस्ट या कसोटीला उतरला. त्यानं राजा पहिल्या जेम्सला लिहिलं की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही. प्रजा पाखंडी असो, तुर्क असो की यहूदी, तिच्या श्रद्धेसाठी शिक्षा करणं ऐहिक सत्तेचं काम नाही. ज्यांची मतं त्याला चुकीची वाटत होती, त्यांच्यासाठीही त्यानं मोकळीक मागितली. तुरुंगात गेला, तिथंच मेला. माझा कल विचारशील तर तो हेल्विसकडे आहे. सक्तीनं आणलेला विश्वास हा विश्वासच नव्हे, आणि जी मोकळीक मला हवी ती दुसऱ्याला नाकारणं हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचं उल्लंघन आहे. कॅथलिक मंडळीनं 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, धर्मस्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतून येतं असं जाहीर केलं, तेव्हा हेल्विसला जाऊन साडेतीनशे वर्षं होत आली होती.

जर्मनीत 1934 मध्ये बार्मेनला ल्यूथरन आणि सुधारित (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्या एकत्र आल्या आणि हिटलरच्या राज्यात निर्भयपणे म्हणाल्या की माणसाच्या सगळ्या आयुष्याचा मालक होण्याचा हक्क राज्यसंस्थेला नाही. मोठी घोषणा. तरी तिच्यात यहूद्यांविषयी एक शब्द नाही. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकानं मात्र 1933 मध्येच लिहून ठेवलं होतं की अन्यायाला बळी पडलेला माणूस ख्रिस्ती नसला तरी मंडळी त्याला बिनशर्त बांधील आहे. 9 एप्रिल 1945 रोजी नाझींनी त्याला फाशी दिली.

गरिबांना मदत करणं मंडळीचं काम, सरकारनं त्यात पडू नये, असं तुझे दुसरे वडीलजन म्हणतात म्हणे. शमुवेलाच्या इशाऱ्यात त्यांच्या बाजूनं बोलणारं काही आहे, हे मान्य. मदत किती, कोणत्या खात्यातून, करातून की दानातून, यावर प्रामाणिक विश्वासणारे भांडू शकतात. पण त्यांच्यासोबत लेवीयचा 19वा अध्याय वाच. शेताच्या कडेची कापणी करू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेव. हे मालकाच्या मर्जीवर सोडलेलं दान नव्हतं, तो नियमशास्त्रातला हुकूम होता.

आणि पक्षाचं म्हणशील तर मत जरूर दे, काम कर, उमेदवारीही कर. फक्त तुझ्या पक्षानं तुझ्या मंडळीला एखादी सवलत देऊ केली, की त्याच दिवशी विचार, ही सवलत दुसऱ्या धर्माच्या माणसालाही मिळेल का? उत्तर नाही असेल, तर ते सभेत उभं राहून बोल, मग आपलेच लोक रागावले तरी चालेल. पौल तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगतो, तेव्हा ते राजे त्याच्या पसंतीचे नव्हते.

बार्मेनच्या घोषणेचा पाचवा मुद्दा मिळवून वाच. लहानसाच आहे. दोन्ही वडीलजनांना एकत्र बसवून वाचलास तर अधिक बरं. कोणाला कुठे खटकलं आणि तुला स्वतःला काय पटलं नाही, ते मला सविस्तर लिही.

प्रभूमध्ये तुझा