फाटकावर कॅमेरा बसवला, तरी वॉचमन हवाच

प्रश्न : नागाळा पार्कात आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. बाहेरची माणसं आत गाड्या लावून जातात, म्हणून नंबरप्लेट वाचून आपोआप उघडणारं फाटक बसवायचा ठराव झालाय. पावसात आणि रात्री ते नीट चालेल का? वॉचमनचा पगार वाचेल का?
– सोसायटीचे सचिव, कोल्हापूर

उत्तर : सचिवसाहेब, फाटक चालेल. वॉचमनला मात्र काढू नका.

चार वर्षांपूर्वी राजारामपुरीत मी असंच एक फाटक बसवलं. तिसऱ्याच दिवशी सकाळी एका कारच्या पाठोपाठ दूधवाल्याची मोपेड आत शिरली. कार पुढं गेली आणि दांडा खाली आला, तो थेट त्याच्या खांद्यावर. कॅन कलंडला, दूध गटारीपर्यंत वाहत गेलं. जमिनीत तारेचं लूप होतं, पण त्याला वर उभी असलेली कार कळते, मोपेड चटकन कळत नाही. त्यासाठी दांड्याखाली दोन्ही बाजूंना फोटोसेन्सर लागतात, म्हणजे मध्ये कुणी आलं की प्रकाशाचा किरण अडतो आणि दांडा खाली येत नाही. पैसे वाचवायला ते मी घातले नव्हते. चूक माझीच, आणि त्या माणसाचा सुजलेला खांदा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यामुळं कोटेशनमध्ये फोटोसेन्सर नसेल, तर ते परत पाठवा. दुचाकीला दांड्याच्या बाजूनं वेगळी वाट ठेवा. तशीही तिची पुढची पाटी एवढीशी असते, कॅमेऱ्याला ती नीट सापडत नाही.

रात्रीची काळजी सोडा. कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि एचएसआरपी म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबरपाटीवरची फिल्म तो आल्या वाटेनं परत धाडते. समोरून हेडलाइटचा झोत असला तरी अक्षरं उठून दिसतात. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ही पाटी मुळातच असते. जुन्या गाडीवाल्यांना ती बसवून घ्यायला सांगा. आपल्याकडं चार-एक-चार-एक नंबर वळवून ‘दादा’ लिहायची हौस फार. तसली पाटी यंत्र वाचत नाही आणि कायद्यातही बसत नाही.

पावसात खरा त्रास चिखलाचा. राधानगरीकडून आलेल्या गाडीची पाटी अर्धी माखलेली असते, मग दांडा हलत नाही. तिथं वॉचमनच लागतो. कॅमेरा फार उंच नको. गाडी समोर तीन-चार मीटरवर हळू व्हावी म्हणून आधी एक स्पीडब्रेकर करा. वळणावर तिरकी दिसणारी पाटी हमखास चुकते.

अक्षरांचा घोळ वाटतो तेवढा होत नाही. आपल्या नंबरांच्या मालिकेत एक आणि शून्यासारखी दिसणारी आय आणि ओ ही अक्षरं देतच नाहीत. ‘एमएच’नंतरच्या दोन जागा आकड्यांच्या, हे यंत्राला शिकवलेलं असतं. राज्य बदललं तरी तोच नंबर चालणाऱ्या बीएच (भारत) मालिकेत मात्र आकडे आधी येतात, म्हणून तसली एक गाडी आणि कर्नाटकातल्या चिकोडीची केए २३ची एक गाडी आणून चाचणी घ्या.

आता पगाराचं. कॅमेरा पाटी वाचतो, गाडी ओळखत नाही. तुमच्याच नंबरची खोटी पाटी लावून कुणी आला, तरी दांडा वर जाणार. यादीत नंबरासोबत ‘पांढरी स्विफ्ट, फ्लॅट २०४’ असं लिहून ठेवा. नंबर तोच आणि गाडी लाल, हे स्क्रीनवर बघणारं माणूस हवं.

कोण रात्री किती वाजता घरी आलं, हे सगळं त्या नोंदीत साठतं. ते कमिटीच्या व्हॉट्सॲपवर फिरायला नको. महिनाभरानं नोंदी आपोआप पुसल्या जातील असं सेटिंग करून घ्या, पासवर्ड दोघांकडंच ठेवा. शेजारणीच्या मुलीवर पाळत ठेवायला कुणी फाटक बसवत नाही.

कंट्रोल बॉक्स यूपीएसवर घ्या आणि हातानं दांडा उघडायची किल्ली वॉचमनकडं द्या. २०१९ च्या महापुरात तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते जुन्या रहिवाशांना विचारा आणि बॉक्स त्याच्या हातभर वर लावा. शेवटचा हप्ता जुलैतल्या एखाद्या भरपावसाच्या संध्याकाळी, सगळ्या गाड्या आत घेऊन बघितल्यावरच द्या.