एअर बेड आहे, तरी पाठ लाल का?

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायू झालाय. रुग्णाची देखभाल करणाऱ्या बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून १२-१२ तासांच्या दोन मावशी येतात, पण त्या सारख्या बदलतात. परवा माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. ब्युरोवाले म्हणतात, एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) आहे, काळजी करू नका. – एक वाचक, पुणे

उत्तर : काळजी आजच करा. चट्ट्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली, तर तिथला रक्तपुरवठा अजून चालू आहे. दाबूनही लालच राहिली, तर बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली, डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, म्हणून ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का तेही पाहा. तिथे तेल लावून चोळू नका, आतलं मांस आणखी दुखावतं. भोक असलेली रबरी रिंगही नको. तिच्या कडांचा दाब रक्त अडवतो.

एअर बेडने दाब कमी होतो, पण कूस बदलणं सुटत नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पूर्ण आडवं कुशीवर झोपवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवताना काखेत धरून ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. मावशी एकटी असेल तर घरच्यांपैकी कुणीतरी हात लावावा. पंप चालू आहे ना, नळी मुडपलेली नाही ना, हे रोज बघा. गादीवर रबरी शीट आणि चादरींच्या घड्या चढवल्या तर तिचा उपयोगच उरत नाही.

खरी गफलत पाळी बदलताना होते. एक मावशी आठला निघते, दुसरी सव्वाआठला येते, आणि चट्टा आधीचा की रात्रीचा हे कुणालाच सांगता येत नाही. ब्युरोला स्पष्ट सांगा : दोघी १५ मिनिटं एकत्र हव्यात. दोघींनी मिळून कूस बदलून पाठ, खुबे, टाचा बघायच्या आणि उशाशी ठेवलेल्या वहीत वेळ, कूस, लघवी, खाणं लिहून सही करायची. ब्युरोच्या सुपरवायझरने येऊन ही वही वाचली पाहिजे. फक्त माणूस पाठवून पैसे घेणारा ब्युरो बदललेला बरा.

प्रश्न : मावशी इन्सुलिन देतात. चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. इंजेक्शन देणं नर्सचं काम आहे. ब्युरो ‘सिस्टर’ म्हणून पाठवत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. नाहीतर डॉक्टरांकडून घरच्यांपैकी एकाने शिकून घ्या. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस टोचू नका. घाम, थरथर, बडबड दिसली तर लगेच शुगर तपासा. ७०च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत, नीट गिळणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता १०८ला फोन करा.